अण्णांनी अडवलेली बस

अण्णांबरोबर चहाला जायचं म्हणजे चहावाल्याची आधीच माफी मागून ठेवावी, असं मला दर वेळी वाटायचं. दाजी पेठेतल्या आमच्या टपरीवर कायम मोबाईलवर गाणी लावलेली असायची. अण्णा पोचले की मान तिरकी करून दोन ओळी ऐकायचे आणि कपाला हात लावायच्या आत विचारायचे, "छान आहे गाणं. विकत घेतलंय का?"

"आँ?"

"गाणं की. विकत घेतलंय, का कुणी कार्डात भरून दिलंय?"

चहावाला माझ्याकडं बघायचा, मी समोरच्या भिंतीकडं. गाणं बंद होईपर्यंत अण्णा चहाला तोंड लावत नसत आणि ते माझे मालक असल्यामुळं मलाही लावता येत नसे. त्या नोकरीत मी जेवढा गार चहा प्याले तेवढा आयुष्यात कधी प्याले नाही. शेवटी चहावाल्यानंच युक्ती काढली. अण्णा गल्लीच्या तोंडाशी दिसले की तो गाणी बंद करून रेडिओ लावायचा. रेडिओबद्दल अण्णांची तक्रार नव्हती.

माणूस वाईट होता असं मुळीच नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं, मी नोकरी सोडली असती.

आमची कंपनी मोबाईलवरचे गेम बनवायची. कंपनी म्हणजे अण्णांच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं : अण्णा, चित्रं काढणारा इरफान आणि मी. मी कॉम्प्युटरचं शिकून नुकतीच बाहेर पडले होते, आणि पुण्याला एकटी जायचं नाही असं घरून निक्षून सांगितलेलं. सोलापुरात गेम बनवणारं जे एकुलतं एक ठिकाण सापडलं ते हे. खाली अण्णांच्या धाकट्या भावाचे यंत्रमाग होते. दिवसभर टॉवेल विणले जायचे आणि त्या खडखडाटात वर आम्ही बसायचो. घर तेलुगू, भाऊ त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. माझ्या वाट्याला प्रोग्रामिंग थोडं आणि गिऱ्हाइकांचे फोन जास्त.

झेरॉक्सच्या दुकानात कॉलेजची मुलं अख्खं पुस्तक झेरॉक्स करताना दिसली की अण्णांचं रक्त उसळायचं. रांग सोडून ते पुढं जायचे आणि पुस्तकाच्या पाठीवरची किंमत मोठ्यानं वाचून दाखवायचे. "ह्यातलं लिहिणाऱ्याला काय मिळालं?" एकदा एका मुलानं शांतपणे सांगितलं, "काका, लिहिणारे आमचे सरच हायेत. त्यांनीच सांगितलंय, झेरॉक्स मारा म्हणून." दुसरा कुणी गप्प बसला असता. अण्णा त्या सरांचं घर शोधत गेले, हे खरं आहे का म्हणून विचारायला. सर बाहेर आले नाहीत.

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी रोज सकाळी अख्खं वर्तमानपत्र टाकायचं. अण्णांनी दोनदा समज दिली आणि मग ते ग्रुपमधून बाहेर पडले. परिणाम असा झाला की, सासरच्या एका काकांच्या तेराव्याची बातमी त्यांना चौदाव्याला कळली. वहिनी, म्हणजे अण्णांच्या बायको, त्यावरून आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. एरवी त्या वाद घालायच्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "ह्यांना खाली पाठवताना देवाकडनं पण ह्यांनी पावती घेतली असणार बघ."

आणि स्टँडवरची ती शेंगाचटणीवाली. आमच्या गेमसाठी अण्णा स्टँडवर जाऊन आवाज रेकॉर्ड करून आले होते. त्यात एका बाईची आरोळी फार सुंदर आली होती. ती गेममध्ये घातली, आणि मग अण्णांना झोप लागेना. मला बरोबर घेऊन ते त्या बाईला शोधायला निघाले. ती सापडली तेव्हा अण्णांनी हात जोडून सांगितलं, "तुमचा आवाज घेतलाय. परवानगी पाहिजे आणि मोबदला द्यायचाय."

बाई दोन पावलं मागं सरकली. "आवाज घेतला म्हंजी? मग माज्याकडं काय ऱ्हायलं?"

मी पंधरा मिनिटं समजूत घातली. तिनं पैशाला हात लावला नाही, काहीतरी करणी आहे असं तिला वाटत होतं. शेवटी परवानगी दिली ती एका अटीवर, चटणी घेतली पाहिजे. अण्णांनी टोपलीतली सगळी घेतली. पुढं कित्येक दिवस ऑफिसात कीबोर्डला शेंगाचटणीचा वास येत होता.

पेठेत अशी वदंता होती की, अण्णांच्या वडलांचं चादरीचं एक डिझाईन कुणीतरी चोरलं आणि त्या धक्क्यानं ते गेले, म्हणून अण्णा असे झाले. मला ते पटलं होतं, अण्णांवरचा माझा राग जरा कमीही झाला होता. एकदा धीर करून विचारलं तर अण्णा म्हणाले, "कोण म्हणतं? वडलांचं डिझाईन कुणी चोरलं नाही. चोरावं असं ते नव्हतंच."

म्हणजे कारण नव्हतं. माणूस मुळातच तसा होता.

तर आमचा गेम बसचा होता. सोलापूरच्या स्टँडातून लाल बस काढायची आणि वळसंगवरून अक्कलकोटला न्यायची, नाहीतर कामती, बेगमपूर, माचणूर करत मंगळवेढ्याला. रस्ते खरे, वळणं खरी, भीमेवरचा पूल खरा. इरफाननं बसच्या मागच्या काचेवरची धूळसुद्धा काढली होती. आजही सांगते, गेम फार चांगला होता. लोक एकदाच पैसे भरून तो मोबाईलच्या स्टोअरमधून घेत आणि त्यावर आमच्या तिघांची घरं चालत.

विकत घेतलेला गेम ओळखायचा कसा, ते थोडक्यात सांगते. तुम्ही गेम उघडला की तो गुपचूप स्टोअरला विचारतो, ह्या खात्यावरून मला विकत घेतलंय का? स्टोअर हो म्हणालं तर गेम चालू, नाही म्हणालं तर बंद. ह्याला लायसन तपासणी म्हणतात. गेम फोडणारे लोक काय करतात, तर हा प्रश्न विचारणारा तुकडाच कापून टाकतात आणि उरलेला गेम फुकट वाटतात.

आमचा गेम बाहेर पडून आठवडाही झाला नसेल, कुणीतरी तो फोडला. अण्णा दोन दिवस खोलीत येरझाऱ्या घालत होते. मधेच थांबून "दोंगा" म्हणायचे, तेलुगूत चोर. तिसऱ्या दिवशी सकाळी आले ते चेहरा उजळलेला.

"चोराला सांगायचंच नाही," ते म्हणाले.

"काय सांगायचं नाही?"

"की तो पकडला गेलाय. गेम चालू होऊ दे. बस येऊ दे, माणसं चढू देत, इंजिन चालू होऊ दे. फक्त कंडक्टर डबल बेल देणार नाही."

खरंच त्यांनी तसं केलं. एक तपासणी दाराशी, सगळ्यांना दिसेल अशी, कापायला सोपी, स्टोअरनं स्पष्ट नाही म्हटलं तरच अडवणारी. आणि दुसरी आत खोल, कंडक्टरच्या दोरीशी, हो ऐकल्याशिवाय न सोडणारी. फोडणारा पहिली कापायचा आणि जिंकलो म्हणून वाटत सुटायचा. मग तो चोरीचा गेम घेणाऱ्यांची बस स्टँडात उभी राहायची ती राहायचीच. हॉर्न वाजायचा, वायपर हलायचा, बेल मात्र नाही. मागून प्रवासी कुरकुरायचे, "ओ, सोडा की आता!" ते कुरकुरणंसुद्धा अण्णांनी इरफानकडून आणि माझ्याकडून रेकॉर्ड करून घेतलं. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की, वहिनींना स्वतःहून पिक्चरला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला.

"हॅलो, त्यो कंडक्टर बेल देत नाही हो."

अण्णांनी शिकवून ठेवल्याप्रमाणं मी विचारायची, "आपण गेम कुठून घेतला?" पलीकडून फोन कट. अण्णा माझ्या खुर्चीमागं उभे राहून ऐकायचे आणि फोन कटला की समाधानानं मान हलवायचे. लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचताना होत नसेल तेवढा आनंद त्यांना ह्या तक्रारी ऐकताना व्हायचा.

पण सगळेच फोन कट होत नव्हते. वळसंगचा एक शेतकरी रोज फोन करायचा. "ताई, मी पैसे भरलेत. मळ्यात आलो की बस थांबती. घरी गेलो की चालू हुती."

मला लगेच कळलं. मळ्यात रेंज नाही, स्टोअरचं उत्तर येत नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणजे अण्णांच्या लेखी तो चोर. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "फोडणारे लोकपण मुद्दाम रेंज बंद करतात."

"अण्णा, तो माणूस मळ्यात पाणी सोडून झाडाखाली बसून खेळतोय."

"मग घरी खेळावं."

इरफान त्याच्या सोलापुरी दखनीत म्हणाला, "क्या अण्णा, अपनेच गिराकां कू अपनच चोर बोले तो कैसा?" अण्णांनी त्याला बसचा आरसा नीट काढायला सांगितला.

मी चिडून एक दिवस त्यांना स्टोअरवरचे शेरे दाखवले. एक तारा, एक तारा, बस हलत नाही, एक तारा. म्हटलं, "अण्णा, स्टोअरवर शेरा कोण लिहू शकतं? ज्यानं विकत घेतलंय तोच. हे सगळे आपलेच लोक आहेत." अण्णांनी सगळे शेरे पुन्हा वरून खाली वाचले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "विकत घेऊन परत केला असेल आणि मग चोरीचा टाकला असेल." मी उठून खाली गेले आणि वहिनींकडं जाऊन बसले. त्यांनी न विचारता माझ्यापुढं पोह्यांची बशी ठेवली. त्यांना वरून भांडून येणाऱ्या माणसांची सवय होती.

मग मंगळवेढ्याचे फोन सुरू झाले. एक, मग आणखी एक, मग ओळीनं. आणि ह्यांना "गेम कुठून घेतला" विचारलं की फोन कट होत नव्हता. उलट ठणकावून उत्तर यायचं, "दत्ताच्या दुकानातनं! रोख पैसे मोजून!"

अण्णांना असा आनंद झाला की काय सांगू. इतके दिवस चोर म्हणजे हवेतली गोष्ट होती. आता त्याला नाव होतं, गाव होतं, स्टँडाजवळ मोबाईलचं दुकान होतं. "उद्या जायचं," ते म्हणाले. "तू पण चल, साक्षीला."

आम्ही बसनं गेलो. अण्णा खिडकीशी बसून रस्ता आमच्या गेमशी ताडून बघत होते. कामतीजवळ बस जोरात आदळली तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाले, "हा गतिरोधक आपल्यात नाही." एवढंच काय ते बोलणं. बाकी वेळ ओठ हलत होते, दत्ताला काय सुनवायचं त्याची तालीम चालली होती.

दुकान लहानसं होतं. दत्ता म्हणजे तिशीतला, गोल चेहऱ्याचा माणूस, कुणाच्या तरी फोनला काच बसवत होता. आम्हाला बघून म्हणाला, "या, या. कव्हर दाखवू का काच बसवायचीय?"

"बसचा गेम आहे का?" अण्णांनी दबक्या आवाजात विचारलं, सापळा लावल्यासारखं.

"हाय की. पण घिऊ नका."

"का?"

"माल खराब हाय. कंडक्टर बेलच दित न्हाय. गिराईक रोज माजं डोकं खातंय. ज्येनं बनवलाय त्येलाच हुडकतोय मी."

अण्णांची सगळी तालीम वाया गेली. "मी बनवलाय," ते म्हणाले.

दत्तानं हातातला फोन खाली ठेवला, काउंटरवरून वाकून अण्णांचा हात धरला आणि सोडेचना. "तुमी? बसा. आदी बसा. लई बरं झालं घावलात. आवो, काय करून ठिवलंय ह्ये?"

पुढचा अर्धा तास मी कधीही विसरणार नाही. चोर सापडला म्हणून अण्णा आलेले, आणि चोरानंच त्यांना धरून बसवलेलं. अण्णा सांगत होते, "तुम्ही एकदाच विकत घेतलात आणि शंभर जणांना दिलात. ही चोरी आहे." दत्ता सांगत होता, "चोरी कसली? मी लपवून ठिवलंय व्हय? बोर्ड लावलाय बगा भाईर." बोर्ड खरंच होता : बसचा गेम भरून मिळेल. "गाणी भरून दितो, पिक्चर भरून दितो, तसा गेम. तुमच्याकडनं पैसे दिऊनच घेतला की मी. दुसऱ्या फोनात उगडंना, म्हनून एका पोरानं त्येचं कुलूप काडून दिलं. घेतल्यावर माजा झाला का न्हाय?"

"नाही झाला!"

"मग पैसे कशाचे घेतले तुमी?"

अण्णांनी लायसन म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली. तोवर बातमी बाजारात पसरली होती. गेम बनवणारा आलाय म्हणून माणसं आपापले फोन घेऊन येऊ लागली. एक सलूनवाला आला, एक रिक्षावाला आला, कॉलेजच्या दोन मुली आल्या. आणि एक म्हातारी मावशी आली, नातवाचा फोन पदरात धरून. ती सरळ अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमीच का वो? मग चालू का करून दित न्हाय?"

"मावशी," अण्णा म्हणाले, "तो तुम्ही विकत घेतलेला नाही."

"म्हंजी? ह्या दत्ताला इचारा, पैसं दिल्यात का न्हाय. मी काय चोरून आणला व्हय?"

अण्णांनी दत्ताकडं बघितलं.

"बोला की. मी चोर हाय का?"

ह्याचं 'हो' असं उत्तर गेमच्या पोटात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. मी त्यांच्याकडं बघत होते. ते मावशीच्या चपलांकडं बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "नाही. तुम्ही चोर नाही. बसा."

इथवर ठीक होतं. इथून पुढं जे झालं त्यानं मला रडू यायचं बाकी होतं. कारण अण्णांनी खिशातून स्वतःचं बँकेचं कार्ड काढलं आणि म्हणाले, "ह्या प्रत्येकासाठी मी गेम विकत घेणार."

"अण्णा," मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आपलाच गेम आहे. मोफत द्यायचे कोड असतात स्टोअरवर. मी आत्ता काढून देते."

"मोफत? ह्यांनी पैसे दिलेत. ह्यांना मोफत कसं?"

"अहो, पण तुम्ही तुमचाच गेम तुमच्याच पैशानं..."

"विकत म्हणजे विकत."

दत्तानं गल्ल्यातून पैसे काढून पुढं केले. ते अण्णांनी घेतले नाहीत. "तुमचे घेतले तर तुम्ही विकलं ते बरोबर होतं असं होईल." दत्ता पैसे हातात धरून माझ्याकडं बघत राहिला.

संध्याकाळपर्यंत हे चाललं. एकेकाचा फोन घ्यायचा, त्याचं खातं उघडायचं. पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. मग अण्णांचं कार्ड त्यात घालायचं, गेम विकत घ्यायचा, कार्ड काढायचं, बस सुरू झाली की फोन परत द्यायचा. दत्तानं बाकडी मांडली, चहा मागवला, रांग लावली. दुपारनंतर तो अण्णांना "सायब" म्हणायला लागला होता. मावशीची बस स्टँडातून बाहेर पडली तेव्हा तिनं नातवाचा फोन हातात धरून तिथंच उभ्या उभ्या ती कामतीपर्यंत चालवली.

परतीच्या बसमध्ये अण्णा शांत झोपले. त्यांना इतकं गाढ झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी स्टोअरचं पत्र आलं. तुमच्या खात्यात संशयास्पद खरेदी आढळली आहे. स्वतःचाच गेम एकाच कार्डानं वारंवार घेऊन तुम्ही खप फुगवला आहे. खातं बंद केलं आहे, गेम काढून टाकला आहे, निर्णय अंतिम आहे.

अण्णांनी पत्र तीनदा वाचलं. "मला चोर म्हणतात," ते म्हणाले.

त्यांनी उत्तर लिहिलं. मावशी, दत्ता, सलूनवाला, काही वगळलं नाही, सगळं खरं खरं. पाठवून ते खुर्चीतून उठायच्या आत जबाब आला : निर्णय अंतिम आहे. पुन्हा लिहिलं, जास्त खुलासेवार. पुन्हा तेच, शब्दाला शब्द. तिसऱ्यांदा आल्यावर ते हताश होऊन म्हणाले, "अगं, ह्याच्यात माणूस कुठं आहे? कुणाशी बोलायचं?"

"आपल्या कंडक्टरशी तरी कुठं बोलता येत होतं?" मी बोलून गेले.

खाली माग खडखडत होते. इरफाननं कानाला हेडफोन लावले. अण्णा उठून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले ते थांबेनात. गेम स्टोअरला विचारत होता, आणि स्टोअर म्हणत होतं, असला गेम मला माहीतच नाही. ज्यांनी ज्यांनी पैसे मोजले होते त्या सगळ्यांच्या गाड्या स्टँडात उभ्या. मंगळवेढ्याची मावशी म्हणाली, "ताई, परत थांबली गं." तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचंच मला वाईट वाटलं.

दुपारी अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी गेम उघडला आणि तपासणीचा एकेक तुकडा शोधून काढून टाकायला लागले. दाराशी असलेला, कंडक्टरच्या दोरीशी असलेला, आणि आणखी कितीतरी, जे मला आणि इरफानलाही ठाऊक नव्हते. काढताना ते प्रत्येकाकडं क्षणभर बघायचे. काही फार हुशारीनं लिहिले होते, हे मला चिडलेली असतानाही कबूल करावं लागलं. शेवटी म्हणाले, "झालं. आता हा कुणालाही विचारत नाही."

ज्यांनी फोन केला, ज्यांनी लिहिलं, त्यांना एकेकट्याला आम्ही तो नवा गेम पाठवला. मंगळवेढ्याला अण्णा स्वतः गेले, ह्या वेळी एकटेच. दत्ताच्या दुकानात बसून त्यांनी सगळ्यांच्या फोनमध्ये तो घातला. निघताना दत्तानं विचारलं म्हणे, "सायब, आता ह्येला कुलूप न्हाय. दुसऱ्या कुणी मागितला तर देऊ का?"

अण्णा म्हणाले, "नाही."

हे त्यांनीच मला येऊन सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "अण्णा, कंपनी बंद झाली. गेम कुठंच विकत मिळत नाही. निदान वाटू तरी द्यायचा. आणि तुम्ही नाही म्हटल्यावर तो ऐकणार आहे का?"

"त्यानं विचारलं, मी सांगितलं," अण्णा म्हणाले आणि खाली जेवायला गेले.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. इरफान हैदराबादला गेला, मी लग्न होऊन शेवटी पुण्यालाच गेले. अण्णा भावाच्या कारखान्यात टॉवेलांचं काम बघतात. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी मी मंगळवेढ्याला गेले होते. माहेरी सोलापूरला परतायच्या बसला वेळ होता म्हणून दत्ताच्या दुकानात डोकावले. त्यानं लगेच ओळखलं, स्टूल पुसून दिलं, थंड मागवलं, सायबांची तब्येत विचारली.

मी म्हटलं, "दत्ताभाऊ, एक काम करा. माझा जुना फोन गेला, त्याबरोबर आपला बसचा गेम गेला. तुमच्याकडं असेल ना? ह्यात घालून द्या."

दत्ता अवघडला. काउंटरवरची काच फडक्यानं उगाच पुसायला लागला. "ताई, तुमाला न्हाय म्हनायला जीब रेटत न्हाय. पर देता येत न्हाय वो. सायबांनी नको म्हनलंय."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. "आमच्या मेव्हण्याला न्हाय दिला," तो म्हणाला. "लई रुसलाय त्यो."

"अहो, तो गेम मी केलाय! स्टँडवर गाड्या लागल्या म्हणून सांगणारी बाई आहे ना, तो माझा आवाज आहे. माझ्या मुलीला ऐकवायचाय."

"मग सायबांनाच इचारा की. व्हय म्हनले तर आत्ता घालतो."

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. मागून मागांचा खडखडाट येत होता, त्यामुळं मला ओरडून सगळं सांगावं लागलं. अण्णांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेव्हा तुझ्या फोनवर होता तो चाचणीचा होता ना? विकत नव्हता घेतलास."

"अण्णा, मी तिथं काम करत होते!"

"कामाचा पगार दिला की तुला. आवाजाचेपण वेगळे दिले होते. बरं, मुलगी कितवीत आहे आता?"

मी फोन ठेवून दिला. दत्ताच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं होतं की, मला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. "बगा," तो म्हणाला, "मी म्हनलं नव्हतं?" मग त्यानं गल्ल्याजवळचा स्वतःचा फोन उचलला, गेम उघडला आणि माझ्यापुढं धरला. "हितं बसून खेळा की. त्येला काय हरकत न्हाय."

मी घेणार नव्हते. घेतला. स्टँडात गाड्या लागल्या म्हणून माझाच आवाज सांगत होता, कितीतरी तरुण. मी बस काढली, तिऱ्हे मागं टाकलं, कामती गाठली, मनात दोघांनाही शिव्या देत देत. पुलावर पोचले तेव्हा दत्ता म्हणाला, "ताई, तुमची सोलापूर गाडी सुटली वो आत्ता."

"दुसरी कधी आहे?"

"दीड तासानं."

मी पुलावरून बस पुढं घेतली.